आठ मुली आणि नऊ पट्टे

गेल्या हंगामात आमच्या शाळेच्या चीअरलीडिंग संघात आठ मुली होत्या. आठ हा आकडा लहान वाटला, तरी त्याला चारने नि:शेष भाग जातो आणि या खेळात त्याला फार महत्त्व आहे. एका मुलीला वर उचलायचे तर खाली तिघी लागतात, म्हणजे एका गटाला चौघी. आठ जणींचे असे दोन गट होतात. नऊ असल्या तर नववीला कुठे उभे करायचे हा प्रश्न पडतो आणि सात झाल्या तर एक गट मोडतो. ऑगस्टपासून नोव्हेंबरपर्यंत घरातली सर्दी, ताप, चाचणी परीक्षा, दातांच्या डॉक्टरांनी दिलेली वेळ या सगळ्यांकडे मी या भागाकाराच्या नजरेनेच पाहत होते, कारण आठांपैकी एक माझी मुलगी होती.

आम्ही इंडियाना राज्याच्या दक्षिण भागात, कोलंबस या गावाजवळ राहतो. पुण्याच्या वाचकांना हे नाव कमिन्स कंपनीमुळे ठाऊक असेल. कोथरूडच्या कारखान्याशी नाते असलेली बरीच मराठी कुटुंबे इथे आली आणि रुजली, त्यांतलेच आमचे एक. घर मात्र आम्ही गावाबाहेर, मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांच्या कडेला घेतले, त्यामुळे मुलीच्या वाट्याला आलेले हायस्कूल लहान आहे. नववी ते बारावी मिळून साडेतीनशेच्या आसपास मुले. अशा शाळेत एकच मुलगी शरद ऋतूत एक खेळ खेळते, हिवाळ्यात दुसरा, आणि उरलेल्या वेळात बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते, कारण तसे केले नाही तर कोणताच संघ उभा राहत नाही. चीअरच्या निवड चाचणीला नऊ मुली आल्या. त्यांपैकी एकीने आठवड्याभरात व्हॉलीबॉल पसंत केला. निवड झाली ती एवढीच.

पुण्याला फोनवर हे सांगितले तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोहोचला तो २००८ साली आयपीएल सुरू झाल्यावर, चौकार-षटकारानंतर सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या मुलींमुळे, आणि बहुतेकांच्या मनात तेच चित्र आहे. माझ्याही मनात तेच होते, हे कबूल करते. शाळेतल्या चीअरलीडिंगचा इतिहास मी नंतर वाचला. १८९८ च्या नोव्हेंबरात मिनेसोटा विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांसमोर उभे राहून सगळ्यांकडून एका सुरात घोषणा म्हणवून घेतल्या, तिथे याची सुरुवात मानतात. पहिली काही दशके हे काम पुरुषांचेच होते. मिनेसोटात मुली त्यात आल्या त्या १९२३ च्या सुमारास. आज शाळांमध्ये त्याच्या दोन बाजू आहेत. एक बाजू मैदानाच्या कडेला उभे राहून आपल्या संघासाठी ओरडण्याची, आणि दुसरी स्पर्धेची, जिथे तुम्ही कोणासाठीच ओरडत नाही. तिथे तुम्ही स्वतःच खेळाडू असता आणि परीक्षक तुम्हाला गुण देतात. आमची शाळा कित्येक वर्षे पहिल्या बाजूवर समाधानी होती. दुसऱ्या बाजूला जायचे ठरवले ते आमच्या कोचनी. त्या रसायनशास्त्र शिकवतात, महाविद्यालयात असताना स्वतः चीअर करत, आणि त्यांना 'नाही' म्हणणे कोणालाच सोपे जात नाही.

माझ्या आईने पहिला व्हिडिओ पाहून निकाल दिला, “अगं, ही तर दहीहंडीच की! फक्त हंडी तेवढी नाही.” यात तथ्य आहे, पण थोडेच. शाळांच्या खेळांचे नियम करणाऱ्या राष्ट्रीय महासंघाच्या पुस्तिकेप्रमाणे मनोरा दोन जणींच्या उंचीच्या वर जाता कामा नये, म्हणजे तिसरा थर हा विषयच संपला. फ्लायरला, म्हणजे वर चढणाऱ्या मुलीला, डोक्याच्या वर हात ताणून उचलायचे असेल, तर तिच्यावर लक्ष ठेवणारी एक मुलगी खाली असलीच पाहिजे. मुलीला हवेत उंच फेकून झेलायचा बास्केट टॉस हा प्रकार बास्केटबॉलच्या लाकडी मैदानावर करता येत नाही. त्यासाठी मॅट किंवा गवत हवे. हे नियम उगीच आलेले नाहीत. या खेळातल्या डोक्याच्या आणि मानेच्या दुखापती इतक्या गंभीर ठरल्या आहेत, की २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने चीअरलीडिंगला खेळ मानावे, म्हणजे प्रशिक्षण आणि सुरक्षेची शिस्त त्यालाही लागू होईल, अशी भूमिका घेतली. आमच्या शाळेच्या यादीत मात्र ते अजून 'उपक्रम' या सदरात आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा, की स्पर्धेला जायला शाळेची पिवळी बस मिळत नाही आणि पालकांच्या तीन गाड्या निघतात.

एका स्टंटमध्ये नेमके काय होते, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मागच्या अंगणात पाहून शिकले. दोन मुली समोरासमोर, गुडघ्यांत वाकून, तळहात वर करून उभ्या राहतात, या बेस. तिसरी, म्हणजे फ्लायर, त्यांच्या खांद्यांवर हात टेकते आणि एकेक पाय त्यांच्या तळहातांत ठेवते. चौथी मागे असते, तिला बॅकस्पॉट म्हणतात. माझी मुलगी बॅकस्पॉट आहे, कारण ती उंच आहे आणि तिचा आवाज मोठा आहे. आठ मात्रांचा हिशेब मोठ्याने मोजण्याचे काम तिचे. “पाच, सहा, सात, आठ” म्हणताच तिघी मिळून पायांच्या जोरावर वर उठतात. हातांच्या जोरावर नव्हे, ही चूक नवख्या मुली आठवडेच्या आठवडे करतात. फ्लायर वर गेली, की बॅकस्पॉट तिचे घोटे घट्ट धरते आणि मान मागे टाकून तिच्या पाठीकडे पाहत राहते, कारण पडण्याची पहिली चाहूल पाठीवरच कळते. उतरवताना फ्लायर हवेत सुटी होते, बेस तिला पाळण्यासारखी झेलतात आणि बॅकस्पॉट काखेखाली हात घालून डोके आणि खांदे सांभाळते. या सगळ्यात बॅकस्पॉट समोरून जवळजवळ दिसतच नाही. व्हिडिओ पाहून आजीने नातीला विचारलेही, “तू कुठे आहेस यात?” मुलगी म्हणाली, “आजी, ती पडत नाहीये ना, तिथे मी आहे.”

आता मॅटविषयी, कारण लहान शाळेची खरी ओढाताण तिथे कळते. स्पर्धेची जागा ५४ फूट रुंद आणि ४२ फूट खोल असते आणि ती नऊ पट्ट्यांची बनते. प्रत्येक पट्टा सहा फूट रुंद आणि ४२ फूट लांब. पट्टे गालिच्यासारखे गुंडाळून ठेवायचे, उलगडून शेजारी शेजारी मांडायचे आणि सांध्यांवर वेल्क्रोच्या लांब फिती चिकटवायच्या. आमच्या शाळेकडे नवांपैकी चारच पट्टे होते. व्यायामशाळा संध्याकाळी व्हॉलीबॉलकडे असल्यामुळे सराव जेवणाच्या हॉलमध्ये होई: टेबले घडी करून भिंतीला लावायची, फरशी पुसायची, चार पट्टे मधोमध पसरायचे आणि उरलेल्या पाचांची जागा निळ्या चिकटपट्टीने आखायची. मुली आपली जागा पट्ट्यांवरूनच लक्षात ठेवतात, 'पाचव्या पट्ट्याच्या मध्यावर, मागून दुसऱ्या रांगेत' अशी. पण चिकटपट्टीने आखलेल्या पट्ट्यावर उडी मारली की पायाखाली फरशी असते आणि गुडघ्यांना ते बरोबर कळते. त्यामुळे सगळ्या उड्या आणि सगळे स्टंट मधल्या चार पट्ट्यांवर गोळा झाले. सुरुवातीला ही अडचण वाटली. पुढे लक्षात आले, की आठ मुलींनी नऊ पट्टे व्यापण्याचा हट्ट धरला तर त्या बाजार उठल्यावर मागे राहिलेल्या माणसांसारख्या विखुरलेल्या दिसतात. मधोमध दाटीने उभ्या राहिल्या तर संघ वाटतो. गरिबीने शिकवलेली ही रचना आम्ही शेवटपर्यंत बदलली नाही.

माझ्याकडे आलेले काम कागदांचे होते. अर्ज, शुल्क, आरोग्य तपासणीचे दाखले आणि संगीताचा परवाना. शेवटची गोष्ट मला नवी होती. पूर्वी लोकप्रिय गाण्यांचे तुकडे जोडून संघ आपापले संगीत तयार करत. २०१४ मध्ये सोनी म्युझिकने या व्यवसायातल्या एका कंपनीवर खटला भरला आणि त्यानंतर सगळ्यांचे डोळे उघडले. आता परवाना असलेलेच मिश्रण वापरावे लागते आणि आयोजकांनी मागितला तर पुरावा दाखवावा लागतो. आपल्या संघाचे नाव गुंफलेले खास मिश्रण करून घेणे आम्हाला परवडणारे नव्हते, म्हणून तयार मिळणारे स्वस्तातले घेतले. फुटबॉलच्या सामन्यांत आम्ही पालकांनी खाण्याच्या ठेल्यावर उभे राहून पॉपकॉर्न आणि गरम कोको विकून जो पैसा जमवला, त्यातला बराच या मिश्रणात आणि पहिल्या प्रवेशशुल्कात गेला.

पहिल्या अर्जात मी जी चूक केली, तिच्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे, कारण लहान शाळेत नव्याने या वाटेला लागणाऱ्या कोणालाही ती होऊ शकते. अर्जात गट निवडायचा होता आणि त्यात 'लहान संघ' असा एक गट होता. आम्ही लहान आहोत, म्हणून मी त्यावर खूण केली. हा गट मुलींच्या संख्येवर ठरतो, शाळेच्या आकारावर नव्हे, हे माझ्या ध्यानात आले नाही. दोन हजार विद्यार्थ्यांच्या शाळेत निवड चाचणीला साठ मुली येऊ शकतात. त्यांतल्या सर्वांत तयारीच्या बारा निवडल्या, की तोही 'लहान संघ' होतो. आमच्याकडे आलेल्या सगळ्या, त्यातून व्हॉलीबॉल वजा, असा आमचा लहान संघ. कागदावर दोघांचे वर्णन एकच.

इंडियानात राहणाऱ्या माणसाला हा फरक खरे तर न सांगता कळायला हवा होता. या राज्यात बास्केटबॉलची शालेय स्पर्धा १९९७ पर्यंत एकाच गटात होत असे. राज्यातली मोठ्यातली मोठी शाळा आणि छोट्यातली छोटी शाळा एकाच चषकासाठी खेळत. १९५४ साली मिलान या गावच्या, जेमतेम १६१ विद्यार्थ्यांच्या शाळेने अंतिम सामन्यात मन्सी सेंट्रल या बलाढ्य शाळेला ३२ विरुद्ध ३० असे हरवले, आणि ती गोष्ट इथले म्हातारे लोक अजून काल घडल्यासारखी सांगतात. आमच्या कोचही सांगतात. पण मिलानची गोष्ट इतकी वर्षे सांगितली जाते, ती तसे वारंवार घडत नाही म्हणूनच, आणि पुढे राज्याने विद्यार्थिसंख्येनुसार गट केले. बास्केटबॉलमध्ये निदान पाचांविरुद्ध पाचच खेळतात आणि एक नेमबाज मुलगा सामना फिरवू शकतो. चीअरमध्ये एका मुलीच्या कौशल्याने फारसे काही होत नाही. बहुतेक गुणपत्रिकांत 'संघातल्या किती जणींनी केले' हा प्रश्न असतो.

त्यातही सगळ्यांत मोठी दरी टम्बलिंगची, म्हणजे कोलांट्या-उड्यांची. पाठीमागे झेप घेऊन हातांवर उलटून पुन्हा पायांवर येणे, म्हणजे बॅक हँडस्प्रिंग, हे शाळेच्या सरावात शिकता येत नाही. त्यासाठी खासगी जिममध्ये वर्षानुवर्षे जावे लागते, आणि अशी जिम शहरात असते. आमच्या आठ जणींपैकी एकीला ते येत होते. उरलेल्या सात जणी त्या वेळी हात उंचावून हसत उभ्या राहत.

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात पहिली स्पर्धा झाली, घरापासून तासाभराच्या अंतरावर, इंडियानापोलिसच्या पलीकडे एका प्रचंड व्यायामशाळेत. पहाटे पाचला आमच्या स्वयंपाकघरात केस बांधण्याचा कार्यक्रम झाला. आदल्या रात्री मी सवयीने मुलीच्या डोक्याला तेल लावून बसले होते आणि सकाळी डोक्यावर बांधायचा तो मोठा निळा बो केसांवर ठरेना; दोनदा शाम्पू केला, अर्धी बाटली स्प्रे मारला, तरी तो जरा डावीकडेच झुकलेला राहिला. नाकातल्या चमकीचे प्रकरण त्याहून नाजूक. उन्हाळ्यात पुण्याला गेली असताना मुलीने हौसेने नाक टोचून घेतले होते. खेळताना दागिना चालत नाही. धार्मिक चिन्हाला किंवा वैद्यकीय सूचनेच्या पट्टीला सूट आहे, पण तीही चिकटपट्टीने अंगाला लावून. चमकी काय धार्मिक चिन्ह म्हणून सांगायची, असा विचार माझ्या मनात येऊन गेला, पण कोचनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले त्यावरून मी तो बोलून दाखवला नाही. चमकी काढली आणि माझ्या पाकिटातल्या नाण्यांच्या कप्प्यात ठेवली. दिवसभर मी दर तासाला ती तिथे आहे ना, हे चाचपून पाहत होते.

तिथे पोहोचल्यावर कळले, की आमच्या गटात दोनच संघ राहिल्यामुळे आयोजकांनी तो वरच्या गटाशी जोडला आहे. अशी जोडाजोड करण्याचा अधिकार ते नियमांत राखून ठेवतात. आपण बारीक अक्षरांतला मजकूर वाचत नाही, एवढेच. सोळा मुलींच्या एका संघानंतर आमचा क्रमांक होता. संगीत माझ्या फोनवर होते, फोन एअरप्लेन मोडवर ठेवा म्हणून तिथल्या माणसाने दोनदा बजावले, आणि माझा अंगठा त्या त्रिकोणी खुणेवर इतका थरथरत होता, की शेवटी त्यानेच ती दाबली. एकूण वेळ अडीच मिनिटांचा, त्यातले संगीत दीड मिनिटापर्यंत. एका मिनिटाच्या आसपास दुसऱ्या गटातल्या फ्लायरचा डावा गुडघा वाकला. ती पडली नाही, खालच्या तिघींनी तिला छातीपर्यंत येऊ दिले आणि अलगद उतरवले, पण ठरल्यापेक्षा चार मात्रा आधी, आणि मग उरलेल्या वेळात तो गट आणि बाकीचा संघ एकमेकांना शोधत राहिला. पाच संघांत आम्ही पाचवे आलो.

परतीच्या वाटेवर गाडीत कोणी बोलत नव्हते. कोचनी मात्र गुणपत्रिका मांडीवर उलगडली होती आणि हिरव्या पेनाने त्यावर खुणा करत होत्या. दोन दिवसांनी त्यांनी मला ती दाखवली. टम्बलिंगच्या रकान्यात अपेक्षेप्रमाणे जवळजवळ काहीच नव्हते. स्टंट कठीण होते, पण सफाईत गुण गेले होते, म्हणजे कठीण करून दाखवण्याचा आमचा अट्टहास आम्हालाच महागात पडला होता. एका रकान्यात मात्र आमचे गुण मोठ्या शाळांच्या बरोबरीचे होते: आवाज आणि प्रेक्षकांना सामील करून घेणे. “हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही,” कोच म्हणाल्या, “हे त्या दर शुक्रवारी सामन्यात करतात.”

त्यांनी दुसऱ्या स्पर्धेचा अर्ज बदलायला सांगितला. काही स्पर्धांत टम्बलिंगविना असा वेगळा गट असतो, काहींत शाळेच्या विद्यार्थिसंख्येनुसार विभाग पाडतात, आणि गेल्या काही वर्षांत 'गेम डे' नावाचा एक प्रकार पुष्कळ ठिकाणी आला आहे. त्यात मैदानाच्या कडेला जे चालते तेच सादर करायचे असते: बँडच्या तालावरची घोषणा, सामन्यातल्या प्रसंगानुसार दिलेली साद, प्रेक्षकांकडून म्हणवून घेतलेला जयघोष आणि शेवटी शाळेचे गीत. फलक, पॉम (हातात धरायचे झुपके), कर्णे, झेंडे यांचा वापर मोजला जातो. स्टंट असतात, पण ते फलक दिसावा म्हणून. मी या वेळी बारीक अक्षरे भिंग घेऊन वाचली आणि मगच खूण केली.

माझे मत विचाराल, तर लहान शाळेने स्पर्धेत जरूर उतरावे, पण दुसऱ्याच्या ताकदीच्या मैदानात आधी उतरू नये. अवघड कौशल्याचे गुण मोठे दिसतात म्हणून ते करायला जाण्यात हुशारी नाही. आमच्या नव्या रूटीनमध्ये फ्लायर डोक्याच्या वर गेलीच नाही, खांद्यांच्या उंचीवर थांबली. त्यामुळे ती खरोखर हसत होती. पहिल्या रूटीनमधले हसू मी जवळून पाहिले आहे आणि त्यात दात जास्त होते. काही पालकांना हे माघार घेतल्यासारखे वाटले. एका वडिलांनी मला स्पष्ट विचारले, की मुलींना सोपे तेच शिकवायचे का? उत्तर मला तेव्हा सुचले नाही. नंतर घरी भांडी घासताना सुचले, की लहानपणी आमच्या शाळेत लेझीम शिकवताना सर आधी दोन महिने नुसते हात-पाय एका वेळी हलवायला लावत आणि लेझीम हातात येत असे ती दिवाळीच्या सुट्टीनंतर. पण हे त्यांना सांगून काय उपयोग होता!

स्पर्धेच्या पाच दिवस आधी, एका सोमवारी, पहिल्या गटातली एक बेस शाळेच्या जिन्यावरून उतरताना घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. दुखापत स्टंटमध्ये झाली नाही, मॅटवर नाही, चिकटपट्टीच्या फरशीवरही नाही. दुसऱ्या तासाहून तिसऱ्या तासाला जाताना झाली. शुल्क परत मिळण्याची मुदत उलटून गेली होती. त्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये सात मुली आणि कुबड्यांवरची आठवी अशा बसल्या होत्या, पट्टे अजून गुंडाळलेलेच होते. कोचनी फळ्यावर सात गोल काढले, चार आणि तीन असे वेगळे केले, पुसले, पुन्हा काढले. शेवटी चौघींचा गट ठेवला. तिघींचा जो उरला, त्यात दोघींच्या मांड्यांवर पाय रोवून तिसरी उभी राहील असा जमिनीलगतचा स्टंट दिला. माझी मुलगी एका गटातून दुसऱ्या गटात गेली, आणि पाच दिवस घरात ताटावर, आंघोळीला, अंथरुणात आठ मात्रा मोजल्याचा आवाज येत होता. कुबड्यांवरच्या मुलीला काम काय, हा प्रश्न तिने स्वतःच सोडवला. ती म्हणाली, की मी प्रेक्षकांत बसते.

नोव्हेंबरातल्या त्या शनिवारी बाहेर बारीक बर्फ पडत होते. आमच्या गटात सहा संघ होते आणि सगळे बेताच्या शाळांचे. सात जणी मधल्या चार पट्ट्यांवर उभ्या राहिल्या. बँडची घोषणा झाली. मग या प्रकारातला तो एक क्षण येतो, जो आधी ठरवता येत नाही: निवेदक प्रसंग सांगतो, आपला संघ चढाई करतो आहे की बचाव, आणि त्याबरहुकूम मुलींनी लगेच योग्य ती साद द्यायची. काही संघ इथे अडखळतात, कारण त्यांनी दोन्ही सादा फक्त सरावात पाठ केलेल्या असतात. निवेदकाने बचाव सांगितला. आता, आमचा फुटबॉल संघ त्या वर्षी दहापैकी आठ सामने हरला होता आणि बहुतेक वेळ बचावच करत होता. आमच्या मुलींनी 'डिफेन्स'ची साद थंडीत, पावसात, चाळीस गुणांनी मागे असताना, सगळे प्रेक्षक घरी गेल्यावरही दिलेली होती. ती त्यांच्या तोंडून अशी निघाली, की शेजारच्या शाळेचे पालक दचकून वर पाहू लागले. आमच्या बाजूने प्रतिसाद उठला तो कुबड्या बाकाखाली सरकवून उभ्या राहिलेल्या त्या आठवीच्या आवाजाने, आणि तिच्या मागोमाग आम्ही बावीस माणसे, ज्यांत दोन आजोबा आणि एक तान्हे मूल होते. मीही ओरडले. माझ्या उच्चारात 'डिफेन्स'मधला 'फ' मराठीच राहतो, असे मुलगी म्हणते.

आम्ही तिसरे आलो. परीक्षकांच्या एका कागदावर, फलक शेवटच्या रांगेतूनही वाचता आले, एवढाच शेरा होता, आणि कोचनी तो रसायनशास्त्राच्या वर्गात मूलद्रव्यांच्या तक्त्याशेजारी लावला आहे. तिसऱ्या क्रमांकाला चषक नसतो, फीत मिळते. पाकिटातल्या नाण्यांच्या कप्प्यातून चमकी काढून मी मुलीला गाडीतच दिली, पण आठवडाभर सरावासाठी ती काढून ठेवल्यामुळे नाकाचे भोक बुजत आले होते आणि घरी येईपर्यंत ती तिथे पुन्हा गेली नाही.

हिवाळ्यात जवळच्या एका शहरातली जिम बंद पडली आणि तिचे सामान विक्रीला निघाले. आम्ही दोन पट्टे घेतले. एकाच्या कोपऱ्याला फाटल्याची शिवण आहे आणि रंग आमच्या निळ्याशी जुळत नाही. आता सहा पट्टे खरे आणि तीन चिकटपट्टीचे आहेत. बारावीच्या दोन मुली यंदा शाळा सोडून जात आहेत, आठवीतल्या चार जणी फेब्रुवारीत सराव पाहायला येऊन बसल्या होत्या, आणि कोचनी पुढच्या हंगामाचा अर्ज माझ्याकडे आताच देऊन ठेवला आहे. गटाच्या रकान्यात मी खूण केली आहे, मुलींच्या संख्येचा रकाना निवड चाचणी होईपर्यंत कोरा आहे.